कवटीची चहाडी

एक

"कान तिचा गेला, आणि बरगड्या माझ्या मोडायला आल्यात."

माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसून एक घरजावई स्वतःशीच कुरकुरत होता. बाक आणि माझं टेबल यांच्यामध्ये फक्त एक पडदा आहे. पडद्याला कान नसतात, पण मला आहेत, आणि कान तपासणं हा तर माझा धंदाच. त्याचं रडगाणं असं होतं की, दुखरा कान वरच्या बाजूला मोकळा राहू द्यावा, वारा लागला की तो सुधारतो, असं बायकोला कुणीतरी सांगितलंय. तेव्हापासून ती उजवा कान उशीत खुपसून, त्याच्याकडे तोंड करून झोपते, आणि हा जरा घोरायला लागला की कोपर हाणते. पूर्वी पाठ करून झोपायची, तेव्हा कोपर पोचत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोनं आपल्याकडे तोंड केलं, तर ते असं.

मी मनातल्या मनात हसले आणि विसरूनही गेले. नवऱ्यांच्या तक्रारी मनावर घेतल्या तर मला दवाखान्याची पाटी बदलावी लागेल.

त्याची बायको म्हणजे शेजारच्या पियानोच्या कारखान्यातली थोरली. कारखाना कसला, एक लांबट खोली. पोट उघडे टाकलेले तीन-चार पियानो, तारांची भेंडोळी, नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे तुकडे आणि सरसाचा वास. आमची भिंत एकच. ह्या मुलींची आई माझी मैत्रीण होती, ती गेली, आणि मी मुलींची मावशी म्हणून उरले. बापाला सगळी गल्ली दादा म्हणते. त्यांनी दोन्ही मुलींना पियानो सुरात लावायला शिकवलं. पोरींना त्यांनी नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. थोरली आणि धाकटी, बस.

झालं होतं ते असं. गावातल्या मोठ्या संगीत सभागृहाचा पियानो वर्षानुवर्षं थोरली लावायची. गेल्या वर्षी तिथं वाजवणाऱ्या बाईंनी सांगितलं, यापुढे धाकटीलाच पाठवा. मागच्या महिन्यात दोघी मिळून गेल्या, धाकटी लावायला आणि थोरली तपासायला. लावून झालं. सूर माइकमधून कसा येतो ते धाकटीनं हेडफोन लावून ऐकलं आणि हेडफोन खाली ठेवला. थोरलीनं तो उचलून डाव्या कानाला लावला, आणि किंचाळून खालीच बसली. तेव्हापासून तिचा डावा कान बंद.

आवाजाचं बटण धाकटीनं शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं, असं सभागृहात ठरलं. कुणी म्हणालं निष्काळजीपणा. कुणी हळूच म्हणालं, मुद्दाम. बहिणी बहिणी, त्यात एकच धंदा, मत्सर कुणाला चुकलाय. धाकटीनं चावी फडक्यात गुंडाळून फळीवर टाकली. चावी म्हणजे तारेचा खुंटा पिळायचं हत्यार. ह्या घरात तिला चमच्यापेक्षा जास्त मान आहे. शनिवारी ती दूरच्या गावी, चुलतभावाच्या पडद्यांच्या दुकानात, कायमची कामाला जाणार होती.

इतके दिवस टाळाटाळ करून आज नवऱ्याबरोबर आलेल्या थोरलीची तपासणी मी दुसऱ्या दिवसावर ढकलली आणि दोघं नवरा-बायको गेली. मग दादा आले. बसले नाहीत.

"मला एवढंच शोधून दे," ते म्हणाले. "बटण कुणी फिरवलं? धाकटीनं मुद्दाम केलं असेल तर जाऊ दे तिला. नसेल केलं, तर शनिवारच्या आत सांग. मी तिला विचारलं, तर म्हणते, मीच केलं असेन. 'असेन' म्हणते. केलेलं माणूस असं म्हणतं का?"

दोन

सभागृहाच्या आवाजाचं सगळं एक माणूस बघतो. त्याला तिथं वायरवाला म्हणतात, आणि ते नाव त्याच्या अंगालाही शोभतं. मी गेले तेव्हा रंगमंचावर उकिडवा बसून तो वायरी गुंडाळत होता.

आधी त्यानं कानावर हात ठेवले. मी तिथं नव्हतो. होतो, पण बघत नव्हतो. बघत होतो, पण दुसरीकडे. मी त्याला थोडं बोलू दिलं. माणूस बोलत राहिला की खोटं आपोआप दमतं. शेवटी त्यानं मला ते बटण दाखवलं. नेहमीच्या जागेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेला, आणि बटणाची रेघ त्या ठिपक्याला जुळवलेली.

त्या दिवशी रेघ कुठं होती, असं मी विचारलं.

तो घुटमळला. मग म्हणाला, ठिपक्यावरच. थोरली किंचाळल्यावर त्यानं पहिल्यांदा तेच बघितलं होतं. मग हे कुणाला सांगितलं का नाही? कुणी विचारलं नाही म्हणून. खरी गोष्ट न सांगायला हे कारण सगळ्यात स्वस्त, आणि म्हणूनच सगळ्यात खपाचं.

म्हणजे धाकटीनं बटण फिरवलंच नव्हतं. कुणीच नव्हतं.

मी विषय बदलला आणि दोघी बहिणींबद्दल विचारलं. वायरवाल्याचा चेहरा उजळला. धाकटी चावी फिरवायला लागली की मी पंखे बंद करतो, म्हणाला. ती जे ऐकते ते मला ऐकू येत नाही, पण ती ऐकत असताना मध्ये आवाज करणं पाप वाटतं. आणि थोरलीच्या वेळी? तो सहज म्हणाला की थोरलीचं कामही चोख असतं, पण पंखे चालू असले तरी तिचं अडत नाही.

हे तो थोरलीसमोरही कधी बोलला असेल का, असं माझ्या मनात आलं. बोलायची गरज नव्हती. पंखा बंद झाला की नाही हे तर कुणालाही ऐकू येतं.

मी निघताना तो माइकची वायर काढायला वाकला. काढण्याआधी त्यानं हात लांब करून माइकचा आवाज बंद करायची एक दांडी खाली ओढली. का, विचारलं, तर सवयीनं उत्तर देऊन बसला: चालू माइकची वायर तशीच उपटली तर हेडफोनमध्ये असा धडाका होतो की ऐकणाऱ्याच्या...

तिथं तो थांबला. त्याची मान खालून वर लाल होत गेली.

तीन

म्हणजे धडाक्याचा उलगडा झाला होता आणि मी घरी जाऊन निवांत झोपायला हरकत नव्हती. पण एक गोष्ट सलत होती. वायर उपटल्यावर होतो तो एकच दणका. तेवढ्यानं कान कायमचा जातच नाही असं नाही, पण सहसा तसं होत नाही. कानाच्या आत शिंपल्यासारखी एक गुंडाळी असते, आणि तिच्यात अगदी बारीक केसांचं गवत उगवलेलं असतं. आवाज आला की ते गवत डोलतं, आणि ते डोलणं डोक्यापर्यंत पोचतं. मोठा दणका म्हणजे त्या गवतावरून बैल गेला असं समजा. गवत आडवं होतं, कानात शिट्टी वाजत राहते, सगळं कापसातून आल्यासारखं वाटतं. आणि बहुतेक वेळा रात्रभरात गवत पुन्हा उभं राहतं. रोज रोज बैल गेले, तर मात्र माळ होतो.

मी कारखान्यात शिरले तेव्हा धाकटी एका जुन्या पियानोच्या पट्ट्या पुसत होती. वाजवत नव्हती, नुसती पुसत होती. बटणाचं मी मुद्दामच काढलं नाही. मी म्हटलं, जायच्या आधी तुझं काम मला एकदा समजावून सांग, इतकी वर्षं भिंतीपलीकडून नुसतं टणटण ऐकतेय.

ती तयार नव्हती, पण हात तयार होते. फडकं सोडून तिनं चावी घेतली. एकेका सुराला तीन तारा असतात. मधली पकडायची, बाकीच्या दोन नमद्याच्या पाचरीनं गप्प करायच्या, मग एकेक सोडायची. दोन तारा जवळजवळ सारख्या, पण पुरत्या सारख्या नसल्या, की त्यांच्या आवाजात लाट उठते, वॉव, वॉव, वॉव. चावी किंचित पिळली की लाट लांबते, मंदावते, आणि एका क्षणी समुद्र सपाट होतो. तिनं तो करून दाखवला. मला लाट संपल्यासारखी वाटल्यावरही ती कितीतरी वेळ ऐकत होती, आणि मग केसभर आणखी पिळलं. फरक मला कळला नाही. माझ्या पाठीच्या कण्याला कळला.

ताईला आता हे ऐकू येत नाही, धाकटी म्हणाली. चावी हातातच घेत नाही ती. माझ्यामुळे.

माझं डोकं मात्र दुसरीकडेच चाललं होतं. दिशा कळायला दोन कान लागतात. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं. पण दोन तारांची लाट कानात तयार होत नाही. ती हवेतच तयार होते आणि तयार होऊनच कानापाशी येते. ती ऐकायला एक कान पुष्कळ झाला. एका कानानं बहिरी झालेली पियानोवाली रस्ता ओलांडताना गोंधळेल, मागून कुणी हाक मारली तर भलतीकडे बघेल. पियानो मात्र पहिल्यासारखाच लावेल. मग थोरलीनं चावी खाली का ठेवली?

तेवढ्यात दादा आले आणि धाकटीनं आत्ताच लावलेला सूर त्यांनी सहज दाबून बघितला. काही बोलले नाहीत. तसेच उभ्यानं वाजवत राहिले, एक पट्टी, मग तिच्या शेजारची, मग डोळे मिटून दोन्ही हातांनी. धाकटी उठून आत गेली तरी त्यांना कळलं नाही.

मी विचारलं, थोरलीनं लावल्यावरही तुम्ही असेच वाजवता का?

दादांनी हात काढला. "तिला मी नेहमी छान म्हणतो," ते म्हणाले. "न चुकता." आणि मी विचारलंही नव्हतं, तरी पुढे म्हणाले, "दोघींचे कान सारखेच आहेत. माझ्या दोन कानांसारखे."

ते खोटं बोलत होते, आणि चांगल्या मनानं बोलत होते. असलं खोटं घरात फार वर्षं टिकतं.

चार

दुसऱ्या दिवशी थोरली आली, एकटीच. माझ्याकडे एक जाड भिंतींचं खोकं आहे, काचेच्या खिडकीचं. माणसाला त्यात बसवायचं, कानांवर हेडफोन द्यायचा, हातात बटण द्यायचं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं, मग ती कितीही बारीक असो.

उजव्या कानाला मी शिट्ट्या बारीक करत गेले आणि ती दाबत गेली. इतका चांगला कान तिच्या वयाच्या बाईचा मी क्वचित बघितलाय. तिचाही चेहरा खुलला होता.

मग डावा. काही नाही. वाढवली, तरी काही नाही. आणखी वाढवली. शेवटची शिट्टी एवढी मोठी असते की ती हेडफोनमधून निसटून काचेबाहेर मलाही ऐकू येते. थोरली आपली समोरच्या भिंतीकडे बघत शांत बसली होती, बाळ निजल्यावर आई बसते तशी. अंगठा जागचा हलला नाही.

मी खोक्यात गेले. हेडफोन काढला, आणि नादकाटा घेतला, तोच दोन पायांचा पोलादी काटा, जो हे पियानोवाले पहिला सूर धरायला वापरतात. काटा गुडघ्यावर आपटला आणि त्याचं बूड तिच्या डाव्या कानामागच्या हाडावर टेकवलं.

"काही येतंय का ऐकू? कसलंही, कुठंही?"

"काही नाही, मावशी," ती म्हणाली, आणि मलाच वाईट वाटेल म्हणून हसली.

मी हेडफोन पुन्हा तिच्या कानांवर चढवला आणि बाहेर आले. हात पुसले. यंत्राच्या दोन्ही बाजू एकदम चालू केल्या आणि एकाच क्षणी दोन शिट्ट्या सोडल्या, दोन्ही एकाच सुरातल्या. उजव्या कानात बारीक, जी तिनं मघाशी न चुकता ओळखली होती. डाव्या कानात तिच्याहून मोठी.

थोरलीचा अंगठा हलला नाही. मी पुन्हा सोडल्या. पुन्हा नाही. डावीकडची बंद करून नुसती उजवीकडची ठेवली. दाबलं. डावीकडची जोडली. नाही दाबलं.

मी यंत्र बंद केलं आणि दवाखान्याचं दार आतून लावून घेतलं.

पाच

ह्या कानाचं त्या कानाला कळू नये, असं आपण म्हणतो. पण कवटी चहाड असते. डाव्या बाजूच्या हाडाला काही सांगितलं की ते उजवीकडे गेलंच म्हणून समजा. ज्याचा एक कान खरोखर मेलाय, त्याच्या त्या बाजूला मी काटा टेकवला, तर तो चकित होऊन म्हणतो, येतंय ऐकू, पण पलीकडच्या कानात. मोठी शिट्टीही तशीच कवटीतून पलीकडे झिरपते, आणि तो बटण दाबतो. खरा बहिरा इतका बहिरा नसतो. इतकं बहिरं फक्त ठरवून होता येतं.

आणि हे तिला ठाऊक नव्हतं असंही नाही. दोन्ही हात तारांवर ठेवता यावेत म्हणून ती रोज नादकाटा दातांत धरायची. दातांतून सूर हाडात, हाडातून दोन्ही कानांत, हे तिच्या अंगवळणी पडलेलं होतं. पण खोटं बोलायला बसलेल्या माणसाला आपला धंदा आठवत नाही, फक्त खोटं आठवतं. डाव्या बाजूला आलं की नाही म्हणायचं, एवढंच तिनं धरून ठेवलं.

दोन शिट्ट्यांचं तर तिच्या हातातच नव्हतं. एकच सूर दोन्ही कानांत आला की डोकं फक्त मोठा ऐकतं. लहान आहे हेसुद्धा त्याला कळत नाही. डावा कान मेलेला असता, तर उजवीकडची बारीक शिट्टी तिला ऐकू आली असती आणि तिनं दाबलं असतं. तिला डावीकडची तेवढी ऐकू आली, म्हणून ती गप्प बसली. आणि नवऱ्याच्या बरगड्या? उजवा कान उशीत, डावा मेलेला, मग घोरणं कुठल्या कानानं ऐकत होती?

मी हे सगळं तिला सांगितलं नाही. समोर बसले आणि विचारलं, "कधी परत आला?"

मला वाटलं ती उठून जाईल.

"दुसऱ्याच दिवशी सकाळी," ती म्हणाली. "मोरीतला नळ ठिबकत होता. डाव्या बाजूला."

मग ती बोलली, आणि पुष्कळ बोलली. आदल्या दिवशी ती खरोखरच बहिरी झाली होती आणि खरोखरच घाबरली होती. सकाळी ठिबक ऐकून तिला रडू फुटलं. सांगायला बाहेर आली, तर धाकटी चावी फडक्यात गुंडाळत होती. दादा हातात पाणी घेऊन थोरलीसाठी उभे होते. कशी आहेस, काय ऐकू येतंय, असं विचारत होते. तिला काय ऐकू येतंय, हे त्या घरात कित्येक वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, काही नाही. एक दिवस म्हणून म्हणाली. दुसऱ्या दिवशी सांगणं कठीण झालं, आणि तिसऱ्या दिवशी सभागृहातून विचारणा आली की पुढचा कार्यक्रम आहे, धाकटी येत नसेल तर काय करायचं. त्यांना धाकटीचीच काळजी होती. मग तिला सांगावंसंच वाटेना.

मी म्हटलं, कानामागून आली आणि तिखट झाली, असंच ना.

"तसं असतं तर मी भांडले असते," थोरली म्हणाली. "ती तिखट होतच नाही. आम्ही दोघी बरोबर लावायला बसलो की ती एक तार मुद्दाम जराशी ढिली सोडते, मला चूक सापडावी म्हणून. मग म्हणते, बाई गं, ताई, तू होतीस म्हणून कळलं. मला ते ऐकू येतं, मावशी. ती तार चुकून राहिलेली नाही, सोडलेली आहे, हेसुद्धा ऐकू येतं. माझा कान वाईट असता तर सुखी असते. चांगला आहे, म्हणून तर तिचा किती चांगला आहे ते कळतं. बाबांना कळतं, मला कळतं, आणि बाकीचे माझ्यापुढं पंखे चालू ठेवतात."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मत्सर फार दिवस पोटात राहिला की तिथलं सगळं पाणी तोच पिऊन टाकतो. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि तिनं तो झिडकारला नाही, एवढं मला पुरे होतं.

धाकटी शनिवारी जातेय, मी म्हटलं. आज तू सांगशील की मी सांगू?

ती म्हणाली, धाकटी गेली तर मला रोज बाबांचं 'छान' ऐकावं लागेल. आणि तुलनेला कुणी नसल्यावर ते खरंही असणार नाही, खोटंही असणार नाही.

म्हणजे काय सांगणार, ते मला कळेना.

सहा

संध्याकाळच्या उजेडातच मी सगळ्यांना कारखान्यात जमवलं. दादा त्यांच्या स्टुलावर होते, जावई दाराला टेकलेला, धाकटी बांधलेल्या बॅगेजवळ, थोरली खिडकीशी. वायरवाल्याला मी बरोबरच आणलं होतं. तो स्वतःहून आलाय असं दिसावं म्हणून त्याला दोन पावलं पुढं चालवलं होतं.

पहिला तोच बोलला. बटण ठिपक्यावरच होतं. दांडी खाली न ओढता त्यानं चालू माइकची वायर उपटली, आणि थोरलीनं त्याच क्षणी हेडफोन लावला. नोकरीच्या भीतीनं तो गप्प बसला, आणि सगळे धाकटीचं नाव घेतात म्हटल्यावर आणखी गप्प बसला. थोरलीपुढं हात जोडून तो म्हणाला की त्या कानाचा जो काही खर्च असेल तो मी देईन.

धाकटी बॅगेवर बसली. इतके दिवस तिला स्वतःचा हात गुन्हेगार वाटत होता. त्या हाताकडे ती उलटसुलट करून बघत राहिली.

दादांनी डोळे मिटले. जावई म्हणाला, चला, सुटलो, आता कुणी जायला नको. आणि सगळं तिथंच संपलंही असतं. मी थोरलीकडे बघितलं नाही. बघितलं असतं, तर ते माझं बोलणं झालं असतं.

"खर्च काही नाही," थोरली म्हणाली. "कान दुसऱ्याच दिवशी परत आला होता."

कुणाला कळेना. मग तिनं पुन्हा सांगितलं, नळासकट, सावकाश, एखाद्या बहिऱ्याला समजावून सांगावं तसं. धाकटी चावी गुंडाळत होती हे मी बघितलं, म्हणाली. थांबवता आलं असतं. थांबवलं नाही. तिनं माफी मागितली नाही आणि रडलीही नाही. नुसती तिथं उभी राहिली, कुणी काय म्हणेल ते ऐकायला, दोन्ही कानांनी.

जावयाला सगळ्यात आधी स्वतःचं आठवलं. म्हणजे माझं घोरणं, असं त्यानं सुरू केलं, आणि सासऱ्याचं तोंड बघून गिळलं.

धाकटी उठली होती. तिचा रंग उडाला होता. तिला मी लहानपणापासून बघतेय. रागावली की ती दुसऱ्याची समजूत काढायला जाते. आत्ताही ताईजवळ जाईल, गळ्यात पडेल, जाऊ दे गं म्हणेल, आणि एक तार पुन्हा ढिली सोडेल, असं मला वाटलं. थोरलीलाही तेच वाटलं असणार, कारण तिनं आधीच डोळे मिटून घेतले होते.

दादा मध्ये आले. दोन्ही हात दोघींकडे करून त्यांनी नेहमीचंच काढलं. तुम्ही दोघी मला सारख्या आहात, असं कशाला करता, माझ्या घरात दोन कान आहेत आणि दोन्ही सारखे...

"नाही, बाबा," धाकटी म्हणाली.

तिनं फळीवरून चावी उचलली, फडकं सोडलं आणि ते घडी करून बॅगेवर ठेवलं. घाई कसलीच नव्हती. मग ती बहिणीसमोर जाऊन उभी राहिली, इतकी जवळ की थोरलीला डोळे उघडावे लागले.

"मी कुठं जात नाही. सभागृहाचा पियानो मीच लावणार, आणि तो सबंध लावणार, एकही तार ढिली न सोडता." ती तिथंच थांबली नाही. "ताई, माझा कान तुझ्यापेक्षा चांगला आहे."